दोन डाव्या बाजू

“आधी हे सांग, तुझ्याकडे सलग वेळ किती आहे?” अंकल क्लॅरन्सनी विचारलं.

हाउनानीने आठवून पाहिलं. “दुपारी ममा झोपते, तेवढा.”

“म्हणजे नाहीच.”

“पण रोज झोपते ती.”

अंकल हसले. हवाई बेटावर हिलोतल्या त्यांच्या गॅरेजमध्ये अर्धी अवजारं अजून भिंतीवर होती, अर्धी खोक्यांत गेली होती. नाताळाआधी ते लास व्हेगासला मुलीकडे जाणार होते, कायमचे. घर विकलं गेलं होतं. म्हणजे हाउनानीला त्यांच्याकडून शिकून आयुष्यातली पहिली उकुलेले, ती चार तारांची छोटी गिटार, करायची असेल, तर ती त्याआधीच.

“तसं बरंचसं काम थांबण्याचंच असतं,” अंकल म्हणाले. “सरस वाळेपर्यंत थांब, लाकूड मुरेपर्यंत थांब.”

“ते मला येतं.”

“येत असणारच. पण वाद्याच्या बाजू वाकवताना मध्ये उठता येत नाही. ओली पट्टी तापल्या नळीवर धरलीस, की तेवढा वेळ तू कुणाची मुलगी नाहीस. कुणासाठी करतेयस?”

“माझ्यासाठी,” ती म्हणाली, आणि उगाचच लाजली.

शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी तिने सोडली, ती ममा शेगडी पेटती ठेवून रस्त्यावर चालत गेली त्या वर्षी. त्यानंतर घरातली प्रत्येक गोष्ट ममाच्या सोयीने झाली. परसातला आंबा वादळात पडला, तेव्हा त्याच्या फळ्या मात्र तिने कुणाला दिल्या नाहीत. घराखाली, कोरड्या जागी रचून ठेवल्या.

मग तिने आपल्या दुपारी वाटून टाकल्या. त्याच फळ्यांतून समोरची पाटी तासली, मान कोरली. ममा जागी झाली की भुसा झटकून तिला पोई, म्हणजे अळूच्या कंदांचा लगदा, भरवायची. उरल्या फक्त बाजू. त्यासाठी तिने भावाचं येणं धरून ठेवलं होतं. डेरिक नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला व्हेगासहून आला, आणि शनिवारची सकाळ त्याने तिला दिली.

“जा गं. माझी पण आईच आहे ती,” तो म्हणाला.

अंकलच्या गॅरेजमध्ये पहिली बाजू मनासारखी वळली. लाकडाचा ताठपणा एका क्षणी हातातल्या हातात निघून गेला, आणि हाउनानीला हसू आलं. ती पट्टी साच्यात अडकवून अंकल खोक्यांसाठी चिकटपट्टी आणायला गेले. हाउनानीने दुसरी पाण्यातून काढून नळीवर धरली, आणि फोन वाजला. तिने कोपराने फोनचा स्पीकर चालू केला.

“हाउना, ही आंघोळीला नाही म्हणतेय. मला चोर समजते.”

“तिच्या खांद्यावर टॉवेल टाक आधी. गार वाटतं तिला.”

मागून ममाचा आवाज आला. “घरात एक माणूस शिरलाय.”

“तो डेरिक आहे, ममा.”

“डेरिक एवढा जाडा नाही.”

“व्हेगासला जाडा झाला. तू बस त्याच्याजवळ.”

“तू कुठे आहेस? कधी येतेस?”

“येते. हे बघ, आलेच.”

बोलता बोलता तिचे हात काम करत राहिले. पट्टी तडकली नाही.

अंकल परतले. त्यांनी ती बाजू उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली.

“सुंदर वाकलीय,” ते म्हणाले. “पण ही पण डावीच आहे.”

दुसरी बाजू पहिलीचं आरशातलं रूप हवी होती, तरच दोघींच्या मध्ये वाद्याचं पोट उरलं असतं. पाठीचा उतार पट्टीच्या एका कडेला आधीच कापलेला होता. पलटवून चालणार नव्हतं.

“सरळ होईल?”

“पुन्हा भिजवून बघता येईल. अख्खी सकाळ जाईल. तडकेलही.”

फोन पुन्हा वाजू लागला.

“ठेवून जा,” अंकल हळूच म्हणाले. “जायच्या आधी मी करतो. कुणाला कळणारही नाही.”

“नको, अंकल. मग ती तुमची होईल.”

त्यांनी मान हलवली. साच्याचे स्क्रू सैल करून पहिली बाजू तिच्या हातात दिली. तिने फोनवर “निघाले” एवढंच सांगितलं, हात पुसले, आणि गाडीत शेजारच्या सीटवर दोन्ही बाजू ठेवल्या. त्या एकमेकींत नीट बसल्या, कडेला कड, बाकाला बाक. मध्ये काहीच जागा उरली नाही.