लाल पट्टीवरचं नाव

जनाबाईचं पत्र आलं तेव्हा त्र्यंबकरावांनी ते तीनदा वाचलं, घडी घातली आणि शब्दकोशात ठेवून दिलं. आज लिहू, उद्या लिहू करता करता चाळीस दिवस गेले.

जनाबाई म्हणजे कळव्याच्या नाथा कोळ्याची बायको; पत्र तिने सांगितलेलं आणि मुलीने, जनीने, वहीतल्या अक्षरात उतरवलेलं. मुलगा मोरू गेला. दिवाळीनंतर कावीळ झाली, आठ दिवसांत सगळं आटोपलं. विशीचा पोर. ट्रॅक्टरच्या सीटवर तोच बसायचा, आता तिथे बापाला बसवत नाही, म्हणून ट्रॅक्टर विकला. शहापूरचं गिऱ्हाईक गुढीपाडव्यानंतर न्यायला येणार आहे, पण पुढच्या पट्टीवरचं मोरूचं नाव काढून द्या म्हणतं. घरचे ब्लेडने खरवडायला निघालेत. ‘काका, नाव तुम्ही लावलं. ते न फाटता निघेल का? मला ठेवायचं आहे. होय की नाही एवढंच कळवा. होय म्हणालात तर मी त्यांना थांबवते.’

ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर त्र्यंबकराव पुतण्याच्या, सुधीरच्या, खोपटच्या दुकानात बसत. गाड्यांवर लावायची रेडियमची नावं तिथे कापून मिळत. त्यांचं अक्षर वळणदार, म्हणून नावं रेखाटायचं काम त्यांचं. सत्त्याऐंशी साली नाथा खाडीची रेती वाहायला घेतलेला नवाकोरा ट्रॅक्टर घेऊन दुकानासमोर उभा राहिला होता. पुढे दोन दिव्यांच्या मधोमध लाल प्लॅस्टिकची पट्टी होती, तिच्यावर मोरूचं नाव हवं होतं. बारा वर्षांचा मोरू त्र्यंबकरावांच्या खांद्यावरून वाकून बघत होता. ‘रू’चं शेपूट लांब ठेवा, अशी त्याने फर्माईश केली. शाळेत एवढं लक्ष दिलं असतंस तर, असं नाथा म्हणाला आणि स्वतःच हसला.

आता ते नाव अखंड निघेल का, हे त्र्यंबकरावांना ठाऊक नव्हतं. लावायचं कसं ते त्यांना येत होतं. काढायचं कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी दुकानातलं एका स्कूटरचं जुनं प्लॅस्टिक घेतलं. त्याच्यावरच्या नावाला गरम पाण्याचं फडकं लावून पाहिलं, खोबरेल लावलं, रॉकेल लावलं. उन्हात वाळलेलं रेडियम पापडासारखं मोडायचं. खालून शिवणाचा दोरा घालून करवतीसारखा ओढला, तर दोरा तुटला. दोनदा त्यांनी ‘होय’ लिहिलं आणि फाडलं. एकदा ‘नाही’ लिहिलं, तेही फाडलं. होय म्हणावं आणि तिच्यासमोर तुकडे व्हावेत, तर काय?

सुधीर म्हणाला, “काका, एका शब्दाचं पत्र आणि मसुदे किती?”

पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबकराव पिशवीत रॉकेलची बाटली, खोबरेल, फडकी आणि दोऱ्याचं रीळ घेऊन कळव्याला गेले.

ट्रॅक्टर घरासमोरच उभा होता. ‘मो’ गेला होता. त्या जागी ब्लेडचे पांढरे ओरखडे होते, आणि वरून थिनर चोळल्यामुळे प्लॅस्टिक पाघळून चिकट झालं होतं. ‘रू’ मात्र तसाच होता. आदल्या संध्याकाळी नाथाने ‘मो’ खरवडला आणि पुढे त्याचा हात चालला नाही, असं जनी म्हणाली.

जनाबाई दारात आली. “काका, पत्र मिलला होता ना?”

“मिळालं होतं.”

“मी वाट बगितली. पाडव्यापर्यंत यांचा हात धरून ठेवला. मंग मीच बोलले, काढा.”

त्र्यंबकरावांना तिच्या तोंडाकडे बघवेना. ते घाईने म्हणाले, “नसतंच निघालं, जनाबाई. इतकी वर्षं ऊन खाल्लेलं रेडियम, मोडतंच. मी करून पाहिलं ना.”

जनाबाईचा चेहरा जरा सैल झाला. “मंग बरा. आपल्या हातून काय चुकला नाय.”

आता आलोच आहे तर उरलेलं तरी नीट काढून देतो, असं म्हणत ते कामाला लागले. गरम पाण्याचं फडकं ‘रू’वर दाबून धरलं, कडेला खोबरेल सोडलं. दोरा घातला, तो तुटला. दुहेरी घातला, तोही तुटला. हे बघून जनाबाई आत गेली आणि जाळ्यांच्या टोपलीतून हातभर तंगूस घेऊन आली, मासे धरायची नायलॉनची दोरी. तिचं एक टोक नाथाने धरलं, एक त्र्यंबकरावांनी. जनाबाई कडेने गरम पाणी सोडत राहिली. दोघांनी तंगूस हळूहळू पुढेमागे ओढला. दोरी तुटली नाही. रेडियम मोडलं नाही. लांब शेपटासकट अख्खा ‘रू’ सुटून जनाबाईच्या ओल्या तळहातावर आला.

तिने हातातल्या ‘रू’कडे पाहिलं, मग ओरखड्यांकडे, मग त्र्यंबकरावांकडे. त्या बघण्यात राग असता तर त्यांना सोपं गेलं असतं. नाथा उठला आणि खाडीकडे तोंड करून बसला.

त्र्यंबकराव मान खाली घालून उरलेला गोंद काढत राहिले. रॉकेलच्या फडक्याने चोळलं की त्याच्या काळ्या गोळ्या होऊन पडत. मग साबणाचं पाणी. ‘रू’च्या खालचा रंग पहिल्या दिवसासारखा गडद लाल होता, भोवतालची पट्टी रंग उडून गुलाबी झालेली. ओरखड्यांखालीसुद्धा ‘मो’ ओळखू येत होता.

दुपारी गिऱ्हाईक आलं. नाव तर अजून दिसतंय, अशी त्याने कुरकुर केली.

“उन्हाने जाईल,” नाथा म्हणाला. “दोन उन्हाळे लागतील.”

ट्रॅक्टर गेला. जनाबाईने ‘रू’ कॅलेंडरच्या गुळगुळीत पानावर चिकटवून ठेवला होता. त्र्यंबकरावांना तिने चहा दिला. त्यांनी तो घेतला, आणि जे बोलायचं होतं ते न बोलताच घरी आले.

संध्याकाळी त्यांनी जुन्या वळणावरून नवा ‘मो’ कापला. पाकिटात घालणार, तेवढ्यात थांबले. हा मोरूच्या ट्रॅक्टरवर कधीच नव्हता. त्यांनी तो खणात टाकला आणि लिहायला बसले.

‘सौ. जनाबाई यांस, नमस्कार. तुमच्या पत्राचं उत्तर होय असं आहे. नाव न फाटता निघालं असतं. मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नाही एवढंही मी कळवलं नाही. तेव्हाच तुमच्याकडे आलो असतो, तर लागणारी वस्तू तुमच्याच घरात होती. नसतंच निघालं असं मी म्हणालो, ते माझी चूक झाकण्यासाठी. “मो” फाटला तो नाथाच्या हातून नाही, तुमच्याही नाही. माझ्यामुळे. त्र्यंबक.’

हे जनीने वाचून दाखवल्यावर जनाबाईला बरं वाटेल की जास्तच लागेल, ते त्यांना ठरवता येईना. सकाळपर्यंतही ठरलं नाही. तरी ते टेंभी नाक्यापर्यंत चालत गेले आणि पत्र पेटीत टाकलं.