जांबाश कोणाला?

"एजे, मांस शिजलंय. जांबाश कोणाला ते एकदाचं सांगा, नाहीतर मी सगळं एकाच परातीत ओतते आणि घरी जाते."

कॅन्टीनची स्वयंपाकीण कुलिपा पातेल्यापाशी डाव घेऊन उभी होती. सगळे जिला एजे, म्हणजे ताई, म्हणत त्या बुरुलचाने कपाळाला हात लावला. सकाळपासून हा प्रश्न तिला विचारणारी ही नववी व्यक्ती. पण निदान हिच्या पातेल्यात मेंढा तरी होता.

बुरुलचा सत्तावन्न वर्षांची. सगळी हयात मृदाशास्त्र शिकवण्यात गेली. आधीचे कुलगुरू रक्तदाबाचं निमित्त करून रजेवर पळाले, आणि सात महिन्यांपूर्वी ही प्रभारी कुलगुरू झाली. कारण एवढंच, की त्या दिवशी ती रजेवर नव्हती. मग मंत्रालयाचा हुकूम आला: गावातल्या दोन्ही संस्था एकत्र करा, अकरा विभागांचे सहा करा. राहणाऱ्या सहा विभागांची नावं ठरली होती. यादी तिच्या टेबलाच्या खणात कुलपात होती आणि सोमवारी फळ्यावर लागणार होती. तोवर दोन्हीकडच्यांची मनं जुळावीत म्हणून ही मेजवानी. ही कल्पना ज्या कोणाची असेल, त्याला बुरुलचा रोज मनातल्या मनात शिव्या घालत होती.

कारण मेजवानी म्हणजे मेंढा, आणि मेंढा म्हणजे हाडांची वाटणी. कमरेचं मांसल हाड, जांबाश, सगळ्यात मानाचं. मग मांडीचं, फऱ्याचं, आणि धाकट्यांना बरगड्या. एका मेंढ्याला जांबाश दोनच. विभागप्रमुख अकरा. दुसरा मेंढा आणायचा तर तीन समित्यांची मंजुरी लागत होती, आणि त्यातली एक समिती विलीनीकरणात आधीच बरखास्त झाली होती.

"वयाने वाट," बुरुलचा म्हणाली. "आपल्याकडे वाटतात तशी. एक जांबाश मंत्रालयाच्या पाहुण्याला, एक ओस्मोनाली अगायना."

"नक्की ना? मागाहून मला बोल लावू नका."

"कुलिपा, वाढ गं बाई."

ओस्मोनाली अगाय, म्हणजे गुरुजी, बहात्तर वर्षांचे, अठ्ठावीस वर्षं मृदाशास्त्राचे प्रमुख. माती चिमटीत धरून कशी ओळखायची हे बुरुलचाला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांचा विभाग यादीत नव्हता. तो शेतकी विभागात जाणार होता, एर्निसच्या हाताखाली. एर्निसही त्यांचाच विद्यार्थी. फळ्यावर वाचण्याआधी अगायना हे आपल्या तोंडून कळावं, एवढी एकच गोष्ट बुरुलचाला नीट करायची होती. सकाळपासून तीनदा ती त्यांच्या खोलीपर्यंत गेली होती. एकदा टंकलेखिका रडत आडवी आली, एकदा नळ फुटला, आणि तिसऱ्यांदा तिचाच धीर झाला नाही.

ताटं आली तसं सभागृह गप्प झालं. कोणीच आपल्या ताटात पाहत नव्हतं, सगळे शेजाऱ्याच्या ताटात पाहत होते. मग कुजबुज सुरू झाली. तिचा अर्थ बुरुलचाला कळेपर्यंत अगाय उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळवे पसरले.

"बुरुल, पोरी, तू माझा विभाग राखलास. मला वाटलं होतं, आता मला बाजूला करणार. तुझं घर सुखी राहो, लेकरं मोठी होवोत. ओमिन."

"ओमिन," आशीर्वाद स्वीकारत सगळं सभागृह म्हणालं आणि रीतीप्रमाणे हात चेहऱ्यावरून फिरले. बुरुलचालाही हात फिरवावा लागला. भर सभेत तोंड कुठे लपवू असं तिला झालं.

तेवढ्यात एर्निस समोर आला. एका हातात बरगडीचं ताट, दुसऱ्या हातात कागद.

"एजे, काढायचं होतं तर तोंडाने सांगायचं. बरगडी कशाला?"

"एर्निस, तू एकोणचाळीस वर्षांचा आहेस. एकोणचाळीसाला काय जांबाश देऊ?"

"बरगडी म्हणजे विभाग गेला, सगळ्यांना कळलंय. हा राजीनामा."

"खाली बस, आणि तो कागद तुपकट करू नकोस."

सात महिन्यांत तिने चौदा सभा घेतल्या होत्या. चाळीस पानांचा अहवाल वाटला होता, तो कोणी उघडलासुद्धा नव्हता. आणि आज एक मेंढा मात्र सगळ्यांनी हाड न् हाड लावून वाचला. तिला रडू येत होतं की राग, तिचं तिलाच कळेना.

अगाय निघालेले दिसले तशी ती मागोमाग धावली. फाटकाशी पॉपलरच्या झाडाखाली ते गाडीची वाट पाहत उभे होते. उरलेलं जांबाश पिशवीत घेतलं होतं. अंगात ठेवणीतला कोट होता, त्याला डाग पडू नये म्हणून पिशवीचा हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता.

"अगाय, ते हाड वयाचं होतं."

ते वळले.

"विभागाचं नव्हतं," ती म्हणाली. "विभाग एर्निसकडे जातोय. यादीवर सही माझी आहे. सकाळपासून सांगायचं होतं. मला माफ करा."

त्यांनी रस्त्याकडे तोंड फिरवलं.

"सगळ्यांसमोर आशीर्वाद दिला मी."

"हो."

"आता परत थोडाच घेता येतो." त्यांनी पिशवी उघडली, खिशातला चाकू काढला आणि मांसाचा एक तुकडा कापून तिच्यापुढे धरला. "खा. तू काही खाल्लेलं नाहीस, मी बघत होतो."

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीसारखी तिने दोन्ही हातांनी तो घेतला आणि उभ्या उभ्या खाल्ला.

"एर्निस रुसलाय?"

"राजीनामा घेऊन बसलाय."

"गाढव आहे. पण मातीची जाण आहे त्याला." त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं आणि ती तिच्या हातात दिली. "हे त्याला दे. अगायनी पाठवलंय म्हणून सांग."

"घरी एनेके वाट बघत असतील. नवऱ्याला पहिलं विचारतील, जांबाश कुठे."

"सांगेन, कुत्र्याने पळवलं."

गाडी आली. अगाय रस्ता ओलांडून गाडीकडे चालत गेले. रिकामा हात त्यांनी अजून तसाच कोटापासून लांब धरला होता.