एक माप, काठोकाठ

अमेरिकेतल्या न्यू हेवनच्या लायमन पार्डीने आपला कारखाना एका चिमट्याच्या जिवावर उभा केला होता. उडवून रिकामं झालेलं काडतूस घरच्या घरी पुन्हा भरायचा चिमटा, आणि सोबत बंदुकीची दारू मोजायला पितळी माप. "तराजू नको, अक्कलही नको," असं तो दुकानदारांना सांगे आणि स्वतःच हसे.

ऑरिन थ्रॉल पहिल्या दिवसापासून त्याच्याबरोबर होता. मोडके चिमटे दुरुस्तीला येत, ते तोच बघे. दुरुस्त चिमटा परत करताना त्यावर एक काडतूस भरून द्यायचं आणि ते कसं भरलं याची सही केलेली चिठ्ठी त्याला बांधायची, ही कारखान्याची रीत. लोक या चिठ्ठ्या जपून ठेवतात, याचा ऑरिनला भारी अभिमान.

व्हरमाँटच्या डॉर्कस व्हिटकम्बने नवऱ्याचा, एलामचा, चिमटा दुरुस्तीला पाठवला. सोबत डबीभर नवी, बिनधुराची दारू. 'नमुना हिचाच भरा, म्हणजे ही वापरायचा एलामला धीर येईल.' ऑरिनने बारा वर्षांच्या सवयीने काडतूस भरलं आणि लिहिलं: एक माप, काठोकाठ.

पार्सल गेल्याच्या चौथ्या दिवशी ती दारू बनवणाऱ्या कंपनीचं पत्रक आलं. नवी दारू जहाल आहे, जुन्या मापाने भरली तर बंदूक फुटेल. ऑरिनने तारेचा मजकूर खरडला आणि तो घेऊन पार्डीकडे धावला.

पार्डीने वाचून अर्धा मजकूर खोडला. उरलं एवढंच: 'आम्ही पाठवलेलं काडतूस उडवू नका.'

"लायमन, अरे, आणि मापाचं?"

"मापाचं लिहिलं की गावभर होईल. दहा हजार मापं बाहेर आहेत आपली."

"आणि त्याने स्वतः काडतुसं भरली तर?"

"तू काय त्याची दाई आहेस? पुढच्या माहितीपुस्तिकेत छापू की सावकाश."

ऑरिनने तिथेच भांडायला हवं होतं. निदान तारघरात खोडलेल्या ओळी पुन्हा लिहायच्या, कोण बघत होतं? पण लायमनच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. त्या दिवशीही गेला नाही. उरलेली ओळ तेवढी त्याने तारघरात दिली.

तारेनंतर बाराव्या दिवशी डॉर्कसचं पत्र आलं.

'तार वेळेवर पोचली. तुमचं काडतूस एलामने फडताळात ठेवून दिलं. इतकी काळजी घेणारी माणसं आहेत, म्हणाला. मग तुमच्या चिठ्ठीबरहुकूम त्याने स्वतः वीस काडतुसं भरली. पहिल्यालाच बंदूक तोंडाशी फुटली. रविवारी त्याला पुरलं. तुमच्या नमुन्यात काय खोट होती, ते कळवाल का? आणि चिठ्ठीही ताडून पाहा. एलामचं कुठे चुकलं, ते मला समजायला हवं.'

पत्राला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. ऑरिनला ती वाचावी लागली नाही.