सात कोरडे खिळे

बादलीचा खडखडाट ऐकूनही मास्तरीण वळली नाही, तेव्हा नालबंदाची बायको बादली घेऊन दारातच थांबली.

मास्तरीण म्हणजे घोडी. वय पंचवीस, रंग विटकरी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की तुमचा गृहपाठ काही तिला पटलेला नाही. बारा वर्षं तिने घोडेस्वारीच्या शाळेत पोरांना पाठीवर वाहिलं. शाळा बंद पडली तेव्हा मालकाने बाकीचे घोडे विकले, हिला कोणी घेईना. शेवटी तिचा दोर त्याने नालबंदाच्या हातात दिला. म्हणाला, पायात नाल तुमचा आहे, आता बाकीचीही तुमचीच. त्याला सहा वर्षं झाली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नालबंदाची भट्टी होती, ती कोपऱ्यात सरकली आणि मास्तरीण मधोमध आली. घरातही साधारण तेच झालं, असं बायको सगळ्यांना सांगायची. फक्त घरात कोपऱ्यात कोण सरकलं, ते सांगायची नाही.

फाटकाशी गाडी थांबली की मास्तरीण अजून मान वर करून ताठ उभी राहायची. तास सुरू होणार, पोरं आली, असं तिला वाटत असावं. तिचं वाटणं मोडायचं कोणाच्याच जिवावर यायचं.

आज ती पुढचे दोन्ही पाय लांब टाकून, सगळा भार मागे देऊन उभी होती. उतारावर घसरू नये म्हणून माणूस टाचा रोवतो तशी. डावा पाय तर जमिनीला नुसता टेकवलेला. आदल्या संध्याकाळी हीच घोडी अंगणात दोन फेऱ्या मारून, दोरीवरच्या नालबंदाच्या बनियनला तोंड लावून आली होती.

नालबंद आला. त्याने खांद्यापासून खाली हात फिरवला आणि खांदा लचकलाय असा निकाल दिला. मग तेल गरम करायला सांगितलं. बायकोच्या लक्षात आलं की त्याचा हात गुडघ्यापर्यंत आला आणि तिथून परत वर गेला. चाळीस वर्षं ज्या माणसाने लंगड्या घोड्याचा आधी खूर पाहिला, त्याने आज खूर सोडून सगळं पाहिलं.

का, ते तिला ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी त्याने पुढच्या पायांना नवे नाल मारले तेव्हा दोर बायकोच्याच हातात होता. डाव्या पायाचा, बाहेरच्या बाजूचा तिसरा खिळा त्याने मारला, थांबला, उपटला आणि पुन्हा मारला. मास्तरणीचा कान हलला. नालबंदाच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू होता, पण तो दोन वर्षं त्याला कचरा गेलाय म्हणत होता, आणि त्या कचऱ्याबद्दल घरात बोलायची सोय नव्हती. त्या दिवशीही ती गप्प बसली. बत्तीस वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं यापेक्षा कुठे नाही, हेच ती जास्त शिकली होती.

दुपारपर्यंत तो खांद्याला तेल चोळत होता आणि ती गरम फडकी आणून देत होती. त्यांचा काही उपयोग नाही हे माहीत असूनही ती प्रत्येक फडकं चटका बसेल इतकं तापवून आणत होती. मग मास्तरणीने पाण्याकडे वळायचा प्रयत्न केला. अर्धी वळली, थांबली, आणि तिच्या छातीतून एक आवाज आला. मोठा नव्हता. आजारी माणूस शेजारच्यांची झोपमोड नको म्हणून तोंड दाबून कण्हतो, तसा.

"तिसरा खिळा तुम्ही दोनदा मारला होता," बायको म्हणाली.

तो चोळत राहिला. मग म्हणाला, "तेव्हा का नाही बोललीस?"

"तेव्हा ऐकलं असतंत?"

त्याने तेलाची वाटी खाली ठेवली आणि भिंतीवरची पक्कड काढली.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. त्याचा चेहरा उजळला. खिळा जिवंत मांसाला लागला असेल तर आत पू धरतो, घोडा रातोरात पाय मोडल्यासारखा उभा राहतो, आणि पू काढून दिला की दहा दिवसांत चालायला लागतो. दुसऱ्यांनी मारलेले असले खिळे त्याने आयुष्यभर काढले होते आणि जेवताना त्या लोकांच्या गाढवपणाच्या गोष्टी चवीने सांगितल्या होत्या. चुकलं हा शब्द त्याच्या तोंडून बायकोने कधी ऐकला नव्हता. तो आता स्वतःची चूक शोधायला बसला होता, घराची किल्ली हरवल्यावर माणूस खिसे उलटे करतो तसा. असूदे माझीच, फक्त सापडूदे.

मास्तरीण पाय उचलू देईना. बायकोने खांदा लावून तिला टेकू दिला, त्याने खूर मांडीवर घेतला आणि पहिला खिळा ओढला. बिघडलेल्या भोकातला खिळा ओला येतो, काळा, आणि त्याला कुजकट वास येतो. त्याने खिळा बोटांत फिरवून पाहिला, हुंगला आणि बायकोच्या नाकापुढे धरला, कारण तंबाखूने त्याच्या नाकाचा भरवसा राहिला नव्हता. लोखंडाचा वास. जरासा शिंगासारखा. दुसऱ्याचाही तोच.

तिसरा त्याने हळूच ओढला. कोरडा.

"परत बघा."

त्याने परत पाहिलं. चांगल्या डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. मग उरलेले चारही काढले. साती खिळे कोरडे ठणठणीत, सरळ, जिथे जायला हवे तिथेच गेलेले. त्याने ते ऐरणीवर ओळीने ठेवले. इतकं बिनचूक काम तिने दुसऱ्या कोणाचं पाहिलं नव्हतं, आणि कोणत्याही कामाचा तिला इतका राग आला नव्हता.

फोन करून बोलावलेली जनावरांची डॉक्टरीण आली तेव्हा गाडीच्या आवाजाला मास्तरणीने मान वर केली नाही. डॉक्टरीण तिशीची, अंगाने किरकोळ, हाताने खंबीर. तिने आधी घोडीच्या कपाळाला हात लावला आणि सांगितलं की आठवीत असताना आपण हिच्यावरून दोनदा पडलो होतो.

"तीनदा," नालबंद म्हणाला. "तिसऱ्यांदा तुमची आई बघत होती म्हणून तुम्ही धरत नसाल." आणि लगेच त्याच दमात, "खिळा माझाच असणार. नीट बघा. सगळीकडे दाबून बघा."

तिने मोठा चिमटा घेऊन डाव्या खुराच्या कडेने, खिळ्याच्या एकेका भोकापाशी दाबलं. मास्तरीण शांत. मग चिमट्याचं टोक तळव्याच्या पुढच्या भागात, खुराच्या टोकाकडे ठेवलं, आणि घोडीने पाय हिसकला. डॉक्टरणीने उजव्या पायालाही तिथेच दाबलं. तिथेही तेच. तिने दोन्ही पायांच्या घोट्यांमागे बोटं ठेवली आणि नालबंदाच्या बायकोची बोटं घेऊन तिथे ठेवली. आत नाडी धाडधाड उडत होती.

"दुखणारा पाय एक नाही, दोन्ही आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "डाव्याचं जास्त आहे, म्हणून एकच दिसला." मग तिने विचारलं की घोडीचे केस शेवटचे कधी झडले.

बायकोने सांगितलं की केस झडतच नाहीत. उन्हाळ्यातही असेच दाट, म्हातारपणी अशी फर कोणाची असते, रोज अर्धा तास ब्रश करते ना मी. हे ती सवयीने अभिमानाने बोलत होती, आणि बोलता बोलता तिला डॉक्टरणीचा चेहरा दिसत होता. खायला काय देता? दाढा पडल्यात, गवत चावत नाही, म्हणून भिजवलेला भरडा. त्यात शिळा पाव, आणि साखर. किती? दोन मुठी. रोज? रोज. आणि रोड दिसायला लागल्यापासून, म्हणजे गेल्या महिन्यापासून, संध्याकाळीही.

डॉक्टरणीने त्या दाट फरीत हात घातला, केसांच्या उलट बाजूने वर नेला आणि तिला म्हणाली, इथे बघा. फरीखाली फासळ्या होत्या, एकेक मोजता येईल अशा. सहा वर्षं रोज अर्धा तास ती त्यांच्यावरून ब्रश फिरवत होती, केस बसतील त्या बाजूने.

"खुरावर आडव्या वळ्या यायला हव्या होत्या," डॉक्टरीण स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "हे आधी हलकं येऊन गेलेलं असणार. वळ्या कशा नाहीत?"

नालबंदाने डाव्या खुरावरून अंगठा फिरवला.

"होत्या," तो म्हणाला. "मी कानसेने घासायचो. वाईट दिसायच्या. घासून वर तेल लावायचो."

"काका, तुम्हाला माहीत होतं वळ्या कशाने येतात."

"दुसऱ्याच्या घोड्याला आल्या असत्या तर मालकाला शिव्या घातल्या असत्या," तो म्हणाला. "घरच्या घोडीला... वयाने येत असतील म्हटलं."

क्ष-किरणांचं चित्र डॉक्टरणीने ऐरणीवर लॅपटॉप ठेवून दाखवलं. खिळे बाजूला सारावे लागले. खुराच्या आतलं हाड खुराच्या भिंतीला हजारो बारीक पापुद्र्यांनी धरलेलं असतं. ते सुजून सुटले होते आणि हाडाचं टोक खाली वळलं होतं. टोक आणि तळवा यांच्यात नखाएवढी जागा उरली होती, दोन्ही पायांत. मेंदूतल्या एका ग्रंथीचा म्हातारपणीचा आजार, डॉक्टरीण म्हणाली. त्यात केस झडत नाहीत, मांस झडतं, आणि साखर विषासारखी पायांत उतरते.

"साखर बंद केली तर?" बायकोने विचारलं.

"दोन वर्षांपूर्वी, काकू. गोळ्याही होत्या. आता हे हाड खालून बाहेर येईल. आज नाहीतर उद्या."

मग नवरा-बायकोचं भांडण लागलं, आणि त्यांच्या संसारात पहिल्यांदाच उलटं. तो म्हणाला, वळ्या मी घासल्या, तुला काय कळणार होतं. ती म्हणाली, साखर मी घातली, तुम्ही तर बोंबलत होतात की लाडावतेस. तो म्हणाला, बोंबलायचं म्हणून बोंबलायचो, आजार कळला म्हणून नाही. डॉक्टरणीने पिशवीची चेन लावली.

"ह्याचा तिला काही उपयोग नाही," ती म्हणाली.

तिने दुखणं दबायचं इंजेक्शन दिलं. शेवटच्या इंजेक्शनाची आणि गाडीची सोय करून चार वाजता येते म्हणाली. तोवर काय द्यायचं ते द्या. आता काहीही चालेल.

नालबंदाच्या घराण्यात एक रीत होती. ज्याने नाल ठोकला त्यानेच तो शेवटी काढायचा, जनावर उभं असताना. पायात लोखंड घेऊन कोणाला जाऊ द्यायचं नाही. त्याच्या बापाने ही रीत कधी मोडली नव्हती. मागच्या पायांना नाल नव्हते, डावा पाय आधीच मोकळा होता. त्याने पक्कड घेतली आणि उजव्या गुडघ्यामागे दोन बोटांनी टिचकी मारली. या टिचकीवर मास्तरीण अठरा वर्षं न सांगता पाय हातात देत आली होती. तिने भार डाव्या पायावर घ्यायचा प्रयत्न केला. अंगभर थरथरली. उजवा खूर बोटभर उचलला, आणि खाली पडला. तिने पुन्हा प्रयत्न केला.

"राहूदे," तो तिला म्हणाला. "राहूदे, मास्तरीण."

पक्कड हातात घेऊन तो उभा राहिला. पडल्यावर काढता येईल, असं बायकोने सुचवलं. तो म्हणाला, तेव्हा काढण्यात काय आहे. मग तो घरात गेला आणि साखरेचा डबा घेऊन आला. बत्तीस वर्षांत तो डबा कुठल्या फळीवर असतो हे त्याला विचारावं लागायचं. आज विचारलं नाही. सगळा डबा त्याने बादलीत उपडा केला आणि बादली बायकोपुढे धरली. ती हात पुढे करेना.

"तूच दे. माझ्या हातचं ती खात नाही."

तिने बादली धरली. इंजेक्शन लागू पडलं होतं. मास्तरीण उरल्यासुरल्या दाढांनी मचमच आवाज करत खात होती, आणि मधेच थांबून बादलीची कड चाटत होती. बायकोने सवयीने ब्रश उचलला आणि परत खुंटीला अडकवला.

चारला पाच मिनिटं असताना फाटकाशी गाडी थांबली. मास्तरणीने तोंड वर काढलं, ओठाला भरडा लागलेला. कान टवकारले, आणि पुढचे पाय थोडे थोडे मागे घेत ती ताठ उभी राहायला लागली.

नालबंद फाटक उघडायला गेला. बायकोने दोर धरला होता.