आंब्याखालचा ताणकाटा

मित्रांनो, माझी चकती गंजली आहे, आकडे पुसट झाले आहेत; तरी मला ओळखा. मी बाळांचं वजन करणारा एक म्हातारा ताणकाटा. मलावीतल्या या खेड्यात मी सायकलच्या कॅरिअरवर बसून आलो. आरोग्यसेविका एनेलेसीने मला आंब्याच्या फांदीला टांगलं. दर महिन्याला आया बाळांना घेऊन येत. कापडी झोळीतलं बाळ माझ्या हुकाला लोंबकळे, रडे, कधी खाली धारही सोडे. मला राग येत नसे.

एकदा मलिताचा दहा महिन्यांचा यांखो झोळीत बसला. मागच्या महिन्यात काटा सात किलोवर होता. आज सहावरच थांबला.

"तुझा काटाच बिघडलाय," मलिताची आई, अनागामाआजी, फणकारली. "पोरगं हसतंय की! लोखंडाला काय कळतंय लेकरातलं?"

मला फार वाईट वाटलं. मी खरं सांगितलं आणि खोटा ठरलो.

एनेलेसी चिडली नाही. तिने दुकानातला साखरेचा दोन किलोचा बंद पुडा मला लावला. काटा बरोबर दोनावर आला.

"आता बोला, आजी. साखरेचं खरं सांगतो आणि तुमच्या नातवाचं खोटं?"

मलिता हळूच म्हणाली, "आठ दिवस जुलाब होताहेत, ताई. गावचा पाण्याचा पंप बंद पडल्यापासून नदीचंच पाणी पितोय आम्ही."

"मग आत्ताच दवाखाना गाठा!"

आजीनेच यांखोला पाठीशी बांधलं. "चल गं, बघत काय उभी राहिलीस?" ती लेकीवर ओरडली आणि पुढे निघाली.

त्या दिवशी आणखी चार बाळांचा काटा खाली आला. पाचही बाळांची वजनाची कार्डं एनेलेसीने गावच्या मुखियापुढे ठेवली. आठवड्यात पंप दुरुस्त झाला.

पाच आठवड्यांनी यांखो आला. सव्वासात! आजीने अंगावरच्या कापडाने माझी चकती पुसली आणि म्हणाली, "माफ कर रे बाबा."

पुढे एनेलेसीची बदली झाली. बॅटरीवरचा नवा काटा आला आणि मी कोठीत पडलो. एका पावसाळ्यात त्याचे सेल संपले. मी इथे आहे, हे कुणाला आठवलंच नाही. दोन महिने वजनं झाली नाहीत. त्याच काळात तडाला नावाची एक चिमुकली सुकत सुकत गेली. घरच्यांना वाटत होतं, दात येताहेत म्हणून असेल.

मित्रांनो, मला तेल घाला किंवा नव्याला सेल घाला. मला मान नको. पण एकाही बाळाचं वजन करायचं राहू देऊ नका. तडालाचं वजन किती होतं, हे आज कुणालाच ठाऊक नाही.