पाणी हाक मारतं

आमची बेटं अमेरिकेचं राज्य होणार हे ठरलं, त्या वर्षी मी मोलोकाईच्या पूर्व किनाऱ्यावरच्या शाळेत स्वयंपाक करत होते. मुलं मला लुईका मावशी म्हणत. नोहेआ माझ्या शेजारची. आईबाप होनोलुलूला अननसाच्या कारखान्यात, म्हणून ती आजोबांकडे, एनोकांकडे राहायची. दहा वर्षांची, काटकुळी, आणि एकदा हट्टाला पेटली की मागे न फिरणारी.

एनोका चर्चचे डीकन, पाद्रींच्या हाताखाली कारभार बघणारे. घरात त्यांचा दंडक होता, देवाशी आपल्या भाषेत बोलायचं आणि माणसांशी इंग्रजीत. लहानपणी शाळेत त्यांनी आपल्या भाषेत पाणी मागितलं, तेव्हा मास्तरांनी बोटांच्या पेरांवर पट्टी मारली होती. करंगळीचं मोडलेलं हाड नीट बसलंच नाही. पोरांवर ती वेळ नको म्हणून त्यांनी घरातून भाषाच काढून टाकली. नाचाचं तर नावही घ्यायचं नाही.

एके दिवशी त्यांनी नोहेआला अळकुड्यांची पिशवी घेऊन कापेकाकडे पाठवलं. कापेका जाळी विणायची आणि दुपारी आंब्याखाली तीन-चार बायकांना हुला शिकवायची. हॉटेलातला, पाहुण्यांसाठी कमरा घुसळायचा नाच नव्हे. जुना, वाळक्या पोकळ भोपळ्यावर थाप देऊन धरलेल्या ठेक्यावरचा, गुडघे वाकवून जमिनीत रुतून करायचा. नोहेआ पिशवी ठेवून गडग्याआड उभी राहिली आणि नकळत पाय टाकू लागली.

कापेकाने मागे न बघताच सांगितलं, "गडग्यामागे जी कोण नाचतेय तिचा डावा पाय उशिरा पडतोय. पुढे ये."

त्या दिवसापासून ती रोज जायला लागली. आजोबांना सांगायची, लुईका मावशीकडे भांडी घासायला जाते. मला हे आठवड्याने कळलं. मी रागावले, पण एनोकांना सांगितलं नाही.

कापेका तिला जे गाणं शिकवत होती ते हालावाच्या खोऱ्याचं. तिथला वारा, धबधबा, आणि तिसऱ्या कडव्यात एका बाईच्या अळूच्या खाचरांचं नाव. ती बाई कोण, असं नोहेआने विचारलं तेव्हा कापेका म्हणाली, तुझी पणजी, एनोकाची आई, आणि या किनाऱ्यावर तिच्यासारखी नाचणारी दुसरी नव्हती. पोरगी त्याच दुपारी एकटीच चालत खोऱ्यात गेली. खाचरांत रान माजलं होतं, पण बांध शाबूत होते. ती बांधावर बसून राहिली आणि अंधार पडायच्या आत परतली.

घरी आली ती गाणं पुटपुटतच. एनोका ओसरीवर बायबल वाचत होते. ती दारात थबकली, पण गप्प झाली नाही. तिथेच उभं राहून तिसरं कडवं तिने मोठ्याने म्हटलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. मला माझ्या अंगणातून सगळं दिसत होतं. आता हिला मार बसणार, असं वाटून मी कुंपणापाशी गेले.

एनोकांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "काहे नव्हे. काहेआ. इथे पाणी वाहतं असं नाही, पाणी हाक मारतं. माझ्या आईचं गाणं म्हणायचं तर नीट म्हण."

त्यांनी परवानगी दिली नाही, पण पुन्हा मनाईही केली नाही.

मे महिन्यात शाळेत नव्या राज्याचा सोहळा ठरला. मुख्याध्यापक हॅलोरन अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून आलेले. माणूस वाईट नव्हता, पण आम्ही काल झाडावरून उतरलो अशा सुरात बोलायचा. मुलींनी चकचकीत कागदाचे झगे घालून इंग्रजी गाण्यावर हसत नाचायचं, असं त्यांनी ठरवलं. नोहेआने सांगितलं, मला खरा नाच येतो, तो करते. ते म्हणाले, ते भुताखेतांचं आता संपलं, आणि लोकांना आनंद वाटेल असं काहीतरी हवं. वर्गातली मुलं तिला भूतबाई म्हणायला लागली. ती म्हणाली, भूतच आहे, सांभाळून राहा.

सोहळ्याच्या दिवशी ती झगा न घालता नेच्याची पानं बांधून आली. ग्रामोफोन सुरू झाला, बाकीच्या मुली हलायला लागल्या. नोहेआने पुढे येऊन सुई उचलली. तेवढ्यात पालकांमधून कापेका उठली, भोपळा मांडीशी घेऊन जमिनीवर बसली आणि पहिला ठेका दिला. पोरगी नाचली. एकदाही हसली नाही. तिसऱ्या कडव्याला हात खोऱ्याच्या दिशेने गेला आणि "काहेआ" इतकं स्वच्छ आलं की मागे बसलेल्या म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या. हॅलोरनसाहेब पुढे सरसावले होते, पण पालकांतले दोन कोळी वाटेत उभे राहिले. भांडले नाहीत. नुसते उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला. पालकाच्या सहीचं माफीपत्र आणल्याशिवाय नोहेआने वर्गात यायचं नाही.

एनोका तिसऱ्या दिवशी चर्चचा काळा कोट घालून आले. टेबलावर कागद ठेवला. साहेबांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि मला स्वयंपाकघरातून बोलावणं आलं. तांदूळ धुतलेले हात एप्रनला पुसत गेले. पत्र आमच्या भाषेत होतं, जुन्या वळणदार अक्षरात. मी वाचून इंग्रजीत सांगितलं. एक शब्दही गाळला नाही.

लिहिलं होतं, "माझ्या नातीची चूक नाही. चूक माझी, मी साठ वर्षं गप्प बसलो. तिच्या वतीने मी माफी मागणार नाही. माझ्या आईची मात्र रोज मागतो."

साहेब म्हणाले, पत्र इंग्रजीत लिहून आणा, नाहीतर दप्तरी घेता येणार नाही.

एनोका शांतपणे म्हणाले, "आमची पोरं तुमची आख्खी भाषा शिकली. तुम्ही एक कागद वाचायला शिका."

आणि निघून गेले. तिथून पुढे माझीही नोकरी जाते की काय अशी धास्ती होती. गेली नाही, तीनशे मुलांचा भात दुसरं कोण शिजवणार.

नोहेआ अकरा दिवस घरी होती. अभ्यासात पहिली असूनही वर्षअखेरचं बक्षीस दुसऱ्या मुलीला जाहीर झालं, आणि ते नोहेआच्या मनाला लागलं. माझ्या ओसरीवर येऊन ती खूप रडली. पण दुपारी डोळे धुऊन आंब्याखाली गेली. तिथे आता आणखी सहा मुली यायला लागल्या होत्या, त्यातली एक हॅलोरनसाहेबांच्या कारकुनाची. एनोका खुर्ची टाकून बाजूला बसायचे आणि प्रत्येकीचा उच्चार सुधारायचे. कापेका वैतागून म्हणायची, डीकनसाहेब, ठेका माझा आहे, जरा चालू द्या.

बाराव्या दिवशी कोणीही काही न सांगता नोहेआ दप्तर घेऊन वर्गात जाऊन बसली. माफीपत्र आणलं नव्हतं. मी खिडकीतून बघत होते. बाईंनी हजेरी घेताना तिचं नाव वगळलं नाही. सवयीने घेतलं असेल, किंवा मुद्दाम.

बाकी मुलं "प्रेझेंट" म्हणत होती. ती उभी राहिली आणि आमच्या भाषेत म्हणाली, "एइआ." इथेच आहे.

बाईंची पेन्सिल क्षणभर थांबली. मग त्यांनी हजेरी मांडली.