कळवल्याची वेळ

आपली बायको दिओसेलिना गेल्याचं नेप्तालीला रेडिओवरून कळलं.

गुरुवारची सकाळ होती. दुधाच्या पिकअपचं मागचं चाक उतरवून त्याने ट्यूब टाकीच्या पाण्यात बुडवली होती आणि बुडबुडे कुठून येतात ते बघत होता. दूधवाला शेजारी उभा राहून घाई करत होता. रेडिओ नेहमीच्या खिळ्याला टांगलेला. आमच्या चोने गावात सकाळच्या वेळी सगळ्या दुकानांतून ते एकच केंद्र चालू असतं. कोणाची गाय हरवली, कुठल्या वाडीची वीज जाणार, कोण वारलं आणि त्याची प्रार्थना किती वाजता, हे सगळं गावाला तिथूनच कळतं.

बातम्या यादिरा सांगत होती. यादिरा म्हणजे दिओसेलिनाच्या वर्गातली बावीस वर्षांची पोर. दोघी पत्रकारितेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होत्या. पदवीसाठी कुठेतरी प्रत्यक्ष कामाचे तास भरावे लागतात, ते दोघी या केंद्रावर भरत होत्या. सोमवार ते बुधवार दिओसेलिना, गुरुवार-शुक्रवार यादिरा. त्या दिवशी दिओसेलिना सहाच्या बसने पोर्तोविएहोच्या विद्यापीठात मागे राहिलेला एक पेपर द्यायला गेली होती.

"पोर्तोविएहोच्या रस्त्यावर बस उलटून पाच जण दगावले," यादिरा म्हणाली. "इस्पितळातून आलेली नावं अशी." सरकारी कागदावर असतात तशी ती नावं होती, आडनाव आधी, नाव मागून. चार वाचून झाली. मग ती म्हणाली, "वेलेस सोलोर्सानो," आणि थांबली.

वेलेस आमच्याकडे ढिगाने आहेत. नेप्तालीने ट्यूब पाण्याखाली तशीच धरून ठेवली. पाच आकडे मोजून होतील इतका वेळ रेडिओतून काहीच आलं नाही, नुसती खरखर. मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "दिओसेलिना मारिया." आणि लगेच खताची जाहिरात लागली.

दूधवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. "मेस्त्री," तो म्हणाला, "चाक राहू दे."

कानावर आलेलं काहीही दिओसेलिना लगेच मानत नसे. कोणी काही सांगितलं की तिचा पहिला सवाल, "कशावरून?" म्हणून नेप्तालीने ओल्या हातांनीच तिला फोन लावला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा वाजून बंद झाला. पोलिसांचा फोन आला तेव्हा दहाला दहा कमी होते, आणि तोवर दुकानापुढे अर्धी गल्ली जमली होती. नऊ वीसला गावाला कळलं होतं. त्यालाही तेव्हाच.

दिओसेलिना चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात गेली. त्याआधी ती शाळेचे गणवेश शिवायची. मूलबाळ नव्हतं. एका वर्षी गावात पूर आला तेव्हा टीव्हीचा एक पोरगा आला, तिच्यापुढे माईक धरला आणि संध्याकाळी सांगून मोकळा झाला की या बाईंचं घर वाहून गेलं. घर शेजारणीचं गेलं होतं. लांबलांबचे नातेवाईक रडत फोन करायला लागले. "या येड्याला हे काम जमतं," दिओसेलिना म्हणाली, "तर मला का नाही जमणार?" प्रवेश परीक्षेत एकदा आपटली. दुसऱ्यांदा पास झाली.

वर्गातली पोरं तिला मावशी म्हणायची आणि तिच्या वह्या उतरवून घ्यायची. गल्लीतले लोक म्हणायचे, "काय लिसेन्सियादा, आज काय खबर?" आमच्याकडे पदवी मिळाली की माणसाला त्याच नावाने हाक मारतात. तिला ती हाक चार वर्षं आधीच मिळाली, थट्टेत. तिला ती थट्टाही आवडायची, हे फक्त नेप्तालीला माहीत होतं.

मुलाखतीचा सराव ती त्याच्यावर करायची. तो हात धुऊन जेवायला आला की स्टूल पुढे सरकवायची.

"तुमचा धंदा काय?"

"तुला माहीत नाही?"

"मला आहे. वाचणाऱ्याला नाही. बोला."

"टायर दुरुस्ती."

"दिवसाला किती टायर?"

"दहा-बारा."

"दहा की बारा?"

"अगं बये, वाढ आता."

"त्यांनी उत्तर देण्याचं टाळलं," असं मोठ्याने म्हणत ती वहीत लिहायची आणि मग भाजलेली केळी आणि शेंगदाण्याची खारी भुकटी पुढे ठेवायची.

ती कॉलेजात जे शिकायची ते त्याला सांगायची. त्यामुळेच त्याला एक नियम ठाऊक होता. मेलेल्या माणसाचं नाव त्याच्या घरच्यांना कळल्याशिवाय सांगायचं नाही. पहिल्याच वर्षी हे शिकवतात. एरवी आमच्या गावात रेडिओवरून मरण कळलं यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

पण त्या पाचांतल्या एका घरी वावगं वाटलं. त्यांची म्हातारी हातात चहाची किटली धरून ऐकत होती. ती जी पडली ती अजून उठली नाही. तिच्या मुलाने विद्यापीठाला तक्रार लिहिली. चौकशी बसली. यादिराचे भरलेले तास धरायचे की नाहीत, तिला शिकू द्यायचं की काढून टाकायचं, हे ठरायचं होतं.

हे सगळं नेप्तालीला नऊ दिवसांची प्रार्थना संपल्यावर कळलं, दहाव्या दिवशी. अंगणात भाड्याच्या खुर्च्या अजून तशाच होत्या. रेडिओ केंद्राचा चालक बार्सिया आला. तोही पदवीवाला, त्याला सगळे लिसेन्सियादो म्हणतात. त्याने पिशवीतून एक छापील कागद काढला.

"मेस्त्री, वहिनींबद्दल मी काय बोलू?"

"नका बोलू. बसा."

"हा विद्यापीठाचा नमुना आहे. मी भरून आणलाय. तुमची फक्त सही."

नेप्तालीने कागद खिडकीपाशी नेऊन वाचला. मृताचं नाव. नातं. पत्ता. कोणी कळवलं, तिथे केंद्राचं नाव. कळवल्याची वेळ, तिथे नऊ वाजून पाच मिनिटं.

"मला कोणी कळवलं नाही."

"ते मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय मेस्त्री, पोरगी वाचेल. पाच घरांपैकी एका घराने जरी लिहून दिलं की आम्हाला आधी फोन आला होता, तर केंद्राने फोन लावले होते असं धरतात आणि चौकशी तिथेच थांबते."

"तिच्या हातात यादी कोणी दिली?"

बार्सिया अंगणातल्या खुर्च्यांकडे बघायला लागला. "गडबड होती तेव्हा."

"कोणी दिली?"

"यादी फोनवर आली. छापून निघाली. दिली असेल कोणीतरी. वाचली तिने."

तो गेल्यावर नेप्तालीने कागद टेबलावर ठेवला. हा माणूस पोरीला पुढे करून स्वतः निसटायला बघतोय हे त्याला दिसत होतं. पण त्याने पोरीला पुढे केलं म्हणून पोरीचा जीव टांगणीला लागला नव्हता असं थोडंच होतं?

दुसऱ्या दिवशी यादिरा आली. बरोबर तिची आई, सोबेइदा. बाजारात चीज विकते. येताना कोंबडीचं सूप घेऊन आली होती, डबा छातीशी धरून.

"तुमच्यापुढे तोंड दाखवायची सोय नाही, मेस्त्री," सोबेइदा म्हणाली.

"आत या."

"आमच्या घरातून कॉलेजात गेलेली ही पहिली. मला त्या कागदातलं काही कळत नाही. पण तुम्ही सही केलीत तर तुमचं काय जाणार आहे?"

"काही नाही," नेप्ताली म्हणाला. खरंच होतं. जायचं ते गेलं होतं.

"मग?"

"आई, गप ना," यादिरा म्हणाली. तिने अजून बसायला खुर्चीही ओढली नव्हती. ती नेप्तालीकडे न बघता बोलली. "मी आधी यादी वाचून बघितली नाही. लिसेन्सियादोंनी कागद दिला, म्हणाले, वाच लवकर, नाहीतर दुसरं केंद्र आधी सांगेल. मी वाचत गेले. आडनाव तोंडातून गेलं आणि मग खालचं नाव दिसलं."

"मग तू थांबलीस."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"सगळ्या गावाला ऐकू आलं."

"मी वाचणार नव्हते, मेस्त्री. मग मनात आलं, आडनाव तर सांगून बसलेय. आता सोडलं तर गावातले सगळे वेलेस..." सोबेइदाने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला. "मावशी काय म्हणाली असती?"

"आधी तुला चांगल्या शिव्या घातल्या असत्या."

यादिरा हसली आणि हसता हसता रडायला लागली. "आणि मग?"

"मग काय, ते मला माहीत नाही," नेप्ताली म्हणाला.

त्या पोरीवर त्याचा राग नव्हता. पोलिसाने सांगण्यापेक्षा तिने सांगितलं ते बरं, असंही त्याला कधी कधी वाटायचं. तिला दिओसेलिना आवडत होती, म्हणून ती थांबली. पोलीस थांबला नसता. मायलेकी गेल्यावर त्याने पेन घेतलं आणि सही करायला बसला. आयुष्यात खोटं बोललाच नव्हता असं नाही. चार पॅच लावलेली ट्यूब नव्यासारखी आहे असं त्याने कितीकांना सांगितलं होतं.

पण नऊ वाजून पाच मिनिटांवर त्याचा हात अडला. नऊ पाचला तो दूधवाल्याशी हुज्जत घालत होता. संध्याकाळी दिओसेलिना परीक्षा देऊन येणार होती आणि पेपर सोपा होता तरी अवघड होता म्हणणार होती. नऊ पाच ते नऊ वीस, तेवढी पंधरा मिनिटं त्याच्या हिशेबी ती जिवंत होती. खरं तर तेव्हाही नव्हती. तरी त्या कागदावर सही केली तर ती पंधरा मिनिटंही आपण आपल्या हाताने देऊन टाकू, असं त्याला वाटलं. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. त्याने पेनाचं टोपण लावलं.

सोमवारी तो पोर्तोविएहोला गेला. रस्ता एकच आहे, त्यामुळे त्याच रस्त्याने गेला. वळणापाशी डोळे मिटून घेतले. विद्यापीठाच्या कार्यालयात काचेमागे एक बाई होती, वयाने यादिरापेक्षा थोडीच मोठी. नेप्तालीने स्वतःच्या हाताने लिहिलेला कागद तिला दिला. मला रेडिओवर कळलं, पोरीला काढू नका, एवढंच त्यात होतं. ते लिहायला त्याला अख्खा रविवार लागला होता.

"हे चालत नाही, काका. नमुन्यावरच द्यावं लागतं." तिने एक कोरा नमुना सरकवला.

त्याने उभ्या उभ्या नाव भरलं, नातं भरलं, पत्ता भरला. मग विचारलं, "कोणी कळवलं, तिथे यादिरा लिहू?"

ती बाई काचेला टेकली. "तसं लिहिलंत तर ते तिच्याच विरुद्ध जाईल."

"मग काय लिहू?"

"मी कसं सांगणार? खरं असेल ते लिहा."

"खरं हेच आहे."

"मग लिहा."

"मग तिला काढतील."

"बहुतेक हो."

"कागद तिच्या हातात दुसऱ्याने दिला होता. ते लिहू का?"

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. तिने सांगितलं."

"मग नाही लिहिता येणार."

नेप्तालीच्या मागे दोन मुलं फी भरायला थांबली होती, ती एकमेकांना ढकलत होती. "माझा राग नाही," तो म्हणाला, "हे लिहायला जागा कुठे आहे?"

त्या बाईने नमुना हातात घेतला. पुढून बघितला, उलटा करून मागून बघितला. तिने खरंच शोधलं. "नाही," ती म्हणाली. "माफ करा हं. शुक्रवारपर्यंत आणून द्या."

शुक्रवार आला आणि गेला. मंगळवारी कार्यालयातून फोन आला की कुटुंबाचा कागद येईपर्यंत प्रकरण तसंच राहील, आणि तोवर मुलीला वर्गात बसता येणार नाही. बार्सियाने दोनदा निरोप पाठवला. तिसऱ्यांदा नाही पाठवला. केंद्रावर आता दुसरी कोणी पोर बातम्या सांगते. नेप्तालीने रेडिओ काढून ठेवलेला नाही, चालूच असतो. गिऱ्हाइकांना लागतो.

यादिरा बाजारात आईच्या शेजारी बसते. एकदा त्याने लांबून पाहिलं. ती चीज कापून पानात बांधत होती आणि एका बाईला वजन दाखवत होती. तो तिथूनच वळला आणि चर्चमागच्या रस्त्याने घरी आला. तेव्हापासून चीज तो कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतो.

घरी टेबलावर दोन्ही कागद आहेत, बार्सियाने भरून आणलेला आणि कार्यालयातून आणलेला. पहिल्यावर सही नाही. दुसऱ्यावर नाव, नातं, पत्ता एवढंच आहे. कोणी कळवलं आणि किती वाजता, ते लिहायचं राहिलं आहे.